घुसाडीचे रूप : प्रौढांच्या वेषधारणेचा विचार

आश्विनी पौर्णिमा उलटली म्हणजे किनवट व माहूर तालुक्यांतील गोंड आणि कोलाम वस्त्यांतून दंडारीची सिद्धता होऊ लागते. खरीपाचे पीक उभे असते, काही कापणीस आलेले असते, आणि नेमक्या या हातघाईच्या दिवसांत गावातील काही कर्ते पुरुष शेतीचे काम घरच्यांवर सोपवून मोरपिसांचा भव्य टोप डोक्यावर चढवितात, अंगास राख फासतात, खोटी दाढी बांधतात, खांद्यावर कातडे टाकतात आणि हातात दंड घेऊन गावाबाहेर पडतात. यांना घुसाडी म्हणतात. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास हा क्रम संपतो आणि तोच पुरुष पुन्हा पऱ्हाटीच्या शेतात दिसू लागतो.

लहान मुलाने राजाचे, सैनिकाचे किंवा हनुमंताचे सोंग घेतले तर त्याचे कोणी कारण विचारीत नाही. प्रौढाने तसे केले की मात्र समाज कारण मागतो. हा मनुष्य नट आहे काय, भिक्षेकरी आहे काय, नवस फेडणारा आहे काय, की नुसता छंदिष्ट? यांपैकी कोणत्या तरी एका कप्प्यात त्याला बसविल्याशिवाय पाहणाऱ्याचे समाधान होत नाही. घुसाडी यांपैकी कोणत्याच कप्प्यात नीटसा बसत नाही. प्रौढांच्या वेषधारणेचा विचार करावयाचा झाल्यास किनवटच्या डोंगराळ मुलखातील हे उदाहरण म्हणूनच उपयोगी पडते.

प्रथम या प्रदेशाविषयी. पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेला हा वनप्रदेश १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले व नांदेड जिल्ह्यास जोडले गेले. राजुरा तालुकाही त्याच वेळी इकडे आला. तो पुढे चांद्याकडे गेला. नकाशावर रेषा ओढली गेली तरी गोंडांच्या सोयरिकी तिच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्याच राहिल्या. त्यामुळे किनवटची दंडारी समजून घेताना आदिलाबादच्या बाजूचा आधार घ्यावाच लागतो. सुदैवाने तो चांगला उपलब्ध आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काळात या गोंडांमध्ये दीर्घकाळ राहून अभ्यास केला आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी १९४३ साली सुरू झालेल्या केंद्राचाही तो प्रेरक होता. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत सिद्ध झाली. याच कालखंडात निलंग्याचे सेतु माधवराव पगडी हे निजामी प्रशासनात अधिकारी होते. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक मराठवाड्याच्या वाचकास अधिक जवळचे वाटावे असे आहे. इतिहासकार पगडी सर्वांस ठाऊक असतात. गोंडी भाषेचा जिव्हाळ्याने अभ्यास करणारे पगडी मात्र आमच्या विद्यापीठीय चर्चांतून फारसे येत नाहीत.

येथे एका नामसादृश्याबद्दल सावध राहावयास हवे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत ‘दंडार’ या नावाचा लोकनाट्यप्रकार प्रसिद्ध आहे. तोही दिवाळीच्या आसपास रंगतो. परंतु त्यात रचलेले कथानक, संवाद आणि प्रेक्षक असतात. किनवटची दंडारी म्हणजे एका गावाने दुसऱ्या गावास दिलेली भेट होय. नृत्य हे त्या भेटीचे अंग आहे, हेतू नव्हे.

ही भेट कोणी कोणास द्यावयाची, हे गोंडांच्या समाजरचनेवरून ठरते. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे व सातदेवे असे त्यांचे चार मोठे कुलसमूह आहेत. एकाच समूहात विवाह होत नाही. साहजिकच एका समूहाच्या वस्तीस दुसऱ्या समूहाची वस्ती ही सोयऱ्यांची वस्ती ठरते. दंडारीचा ताफा निघतो तो बहुधा अशा सोयऱ्यांकडे. ताफ्यात वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक माणसे असतात: हातांतील काठ्या एकमेकींवर वाजवीत फेर धरणारे तरुण, स्त्रीवेष घेतलेले काही जण, ढोल, गुमेला व सनईच्या जातीचे पेपरे वाजविणारे, गावचे जाणते, आणि या सर्वांत उठून दिसणारे दोन-चार घुसाडी. यजमान गाव त्यांस सामोरे जाते, पाय धुण्यास पाणी देते, जेवण घालते आणि रात्रभर नाच पाहते. पुढे याच गावाने परतभेट द्यावयाची असते. या मुक्कामांत मुलामुलींचे पाहणे होते, सोयरिकीची बोलणी निघतात, जुने तंटे मिटविले जातात. एखाद्या गावाची दंडारी अनेक वर्षांत आली नाही, तर त्या गावाशी संबंध थंडावले असे समजावयास हरकत नाही.

आता घुसाडीच्या वेषाकडे वळू. मोरपिसांचा टोप हा त्याचा प्राण. शेकडो पिसे जुळवून, वर पसरत जाणारा असा तो बांधलेला असतो. त्यास रंगीत पट्ट्या, आरसे, कधी शिंगेही लावलेली असतात. टोप जड असतो, तो मानेवर तोलावा लागतो, आणि या तोलामुळेच घुसाडीच्या चालीस एक विशिष्ट डुलकी येते. उघड्या अंगावर राखेचे व काजळीचे पट्टे, गळ्यात मण्यांच्या व बियांच्या माळा, कमरेस व पायांत घुंगरू, खांद्यावर हरणाचे किंवा शेळीचे कातडे, हातात लाकडी दंड. अलीकडे काहींच्या डोळ्यांवर काळा चष्माही दिसतो. शुद्धतावादी अभ्यासकास हा चष्मा खटकतो. वास्तविक खटकण्याचे कारण नाही. चेहरा ओळखू येऊ नये आणि थोडी जरब बसावी, हे जे काम दाढी व राख करतात तेच चष्माही करतो. हाताशी आलेली वस्तू परंपरेने आपल्या कामास लावून घेतली एवढेच.

वेषाबरोबर नियम येतात, आणि या विषयाचे मर्म या नियमांत आहे. घुसाडीने दंडारी संपेपर्यंत स्नान करावयाचे नाही. अंगावरचा घाम व राख तशीच राहू द्यावयाची. खाटेवर बसावयाचे नाही, निजणे जमिनीवर. या काळात त्याच्यावर देवाचा वास असतो अशी श्रद्धा आहे. ज्या देवतेच्या नावाने दंडारी निघते तिचे एक मोठे ठाणे गोदावरीकाठी, तेलंगणातील गुडिरेवू येथील पद्मलपुरी काको हे होय. आजारी माणूस घुसाडीसमोर बसतो आणि घुसाडी आपला दंड त्याच्या दुखऱ्या अंगास लावतो. हे सर्व गांभीर्याने चालते. आणि हाच घुसाडी दुसऱ्या क्षणी पोरांच्या मागे धावतो, म्हाताऱ्यांची नक्कल करतो, व्याह्या-विहिणींची उघड थट्टा करतो, कोणाच्या तरी ताटातले उचलून खातो. ज्याच्या पायांवर डोके ठेवावयाचे त्याच्याच चाळ्यांना पोट धरून हसावयाचे, यात तेथील कोणासही विसंगती वाटत नाही. मराठी वाचकासही वाटू नये. एकनाथांच्या भारुडांनी वेड्याच्या, भुत्याच्या, जोशाच्या मुखातून परमार्थ सांगितला, तो याच मुलखापासून फार दूर नसलेल्या पैठणात. सोंग आणि श्रद्धा यांची जोडी मराठवाड्यास नवी नाही.

परंतु घुसाडीस सरसकट ‘सोंग’ म्हणणे योग्य होणार नाही. मराठीत या क्षेत्रातले तीन शब्द आहेत आणि त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. बहुरूपी घेतो ते सोंग. तो पोलिसाचा वेष करून दारात उभा राहिला तरी तो बहुरूपी आहे हे उघड असते. रूप हुबेहूब वठले याबद्दल त्याला पैसा-धान्य मिळते. वेष हा त्याचा उद्योग आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकास संचार, म्हणजे अंगात येणे. तेथे वेषाची गरजच नसते. देवीचा संचार झालेली स्त्री नेसत्या वस्त्रानिशी देवी असते, आणि ओसरल्यावर तिला त्यातले काही आठवत नाही असे सांगितले जाते. तिसरा शब्द बाणा. पोतराज, वासुदेव हे बाणा घेतात. तो आयुष्यभर, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि वेष हीच त्या माणसाची नेहमीची ओळख होऊन बसते. घुसाडी या तिहींच्या मधे आहे. त्याला पैसा मिळवावयाचा नसतो, त्याचे भान हरपलेले नसते, आणि अमावास्या झाली की तो वेष उतरवून ठेवतो. वर्षातले अकरा महिने तो शेतकरी किंवा शेतमजूर असतो. आता तर शिक्षक किंवा कार्यालयातील शिपाईही असतो.

तो कोण आहे हे गावास ठाऊक असते. चाल, आवाज, बोटे, यांवरून त्याची बायको त्याला ओळखतेच, शेजारीही ओळखतात. तरी नमस्कार खरा असतो. या स्थितीचे वर्णन करण्यासाठी अभ्यासकांनी बरीच धडपड केली आहे. आर्नोल्ड फान गेनेप याने १९०९ साली संक्रमणविधींची मीमांसा करताना एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याच्या मधल्या उंबरठ्याकडे लक्ष वेधले. व्हिक्टर टर्नरने १९६० च्या दशकात त्या उंबरठ्यावरील माणसांच्या उलथापालथीला, तेथील समतेला व चेष्टेला, स्वतंत्र अर्थ दिला. रिचर्ड शेक्नर हा रंगभूमीचा अभ्यासक. रामनगरच्या रामलीलेचा अभ्यास करून तो अशा निष्कर्षास आला की, रामाचा वेष घेतलेला मुलगा राम नसतो, पण त्या वेळी राम नसतो असेही म्हणता येत नाही. या दुहेरी नकारात घुसाडी चपखल बसतो. मात्र एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. रामलीलेतील स्वरूपे ही किशोरवयीन मुले असतात आणि त्यांच्या निरागसतेवर देवत्वाचा भार टाकलेला असतो. घुसाडी हा संसारी, पाप-पुण्य ठाऊक असलेला प्रौढ असतो. निरागसतेची जागा येथे व्रताने भरून काढलेली आहे. स्नान, खाट यांचा त्याग करून तो वेषास पात्र होतो.

या मुद्द्याची धार वाढविण्यासाठी अगदी भिन्न जगातील एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५५ साली ‘डिस्नेलँड’ हे उद्यान उघडले आणि तेव्हापासून एखाद्या कल्पित विश्वावर बेतलेली क्रीडा-उद्याने जगभर पसरली; महाराष्ट्रातही गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये व खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत राजकन्या, उंदीर, चाचे यांची रूपे घेऊन पगारी माणसे वावरतात. लहान मुलांनी तसा वेष करून यावे, त्याला आडकाठी नाही. परंतु चौदा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या पाहुण्यास, काही ठराविक सणांच्या कार्यक्रमांचा अपवाद वगळता, पात्राचा पूर्ण वेष करून आत जाता येत नाही. खऱ्या पात्रधाऱ्याविषयी इतरांचा, विशेषतः मुलांचा, घोटाळा होऊ नये हे यामागील सूत्र. या निर्बंधातून २०११ पासून एक गमतीदार प्रघात रूढ झाला; त्यास तिकडे ‘डिस्नेबाउंडिंग’ म्हणतात. प्रौढ स्त्री-पुरुष साधेच, नेहमीच्या वापरातले कपडे घालतात, पण त्यांचे रंग असे निवडतात की जाणत्याने पात्र ओळखावे. पिवळा घागरा, निळी चोळी आणि केसांत तांबडी फीत एवढ्यावर हिमगौरी सूचित होते. वेष नाही, वेषाचा इशारा आहे. जपानमधील उद्यानांत ठराविक दिवसांत प्रौढांना पूर्ण वेषाची मोकळीक मिळते आणि लोक ती हौसेने घेतात.

हा प्रकार पोरकट म्हणून उडवून लावणे सोपे आहे आणि तसे करणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यातील माणसाची ओढ घुसाडीच्या ओढीहून सर्वस्वी निराळी मानण्याचे कारण दिसत नाही. नेहमीच्या नावागावातून काही काळ बाहेर पडावे, दुसऱ्या कोणाच्या रूपाने चारचौघांत फिरावे आणि ओळखणाऱ्याने ते ओळखून हसावे, ही इच्छा दोन्हीकडे आहे. खरा भेद रूपाच्या मालकीत आहे. उद्यानातील रूपे एका व्यापारी संस्थेची मिळकत आहेत. पाहुण्याने ते रूप पूर्ण धारण करावयाचे नाही हा नियम मालकाने घातला आहे. पाहुण्याने तिकिटाचे पैसे भरले म्हणजे त्याचे कर्तव्य संपते. घुसाडीच्या रूपालाही मालक आहे: ते देवाचे आणि गावाचे आहे, वाटेल त्याने वाटेल तेव्हा ते घ्यावयाचे नसते. परंतु येथे निर्बंध वेष घेणाऱ्याच्याच देहावर येतात आणि त्यांच्या मोबदल्यात त्याला रूपाचा इशारा नव्हे तर संपूर्ण रूप मिळते. शिवाय त्याच्या रूपाने त्याचे गाव एका ऋणात बांधले जाते. पाहुणचार घेतला, आता तो परत करावयाचा आहे. उद्यानातून बाहेर पडणाऱ्यावर असे कोणतेही ऋण नसते.

वरील भेद नुसता तात्त्विक राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत घुसाडी व्यासपीठावर आला आहे. मारलवाईचे कनक राजू यांनी हे नृत्य दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनाच्या सोहळ्यापर्यंत नेले, अनेक तरुणांना शिकविले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, दंडारीच्याच दिवसांत, ते निवर्तले. त्यांच्यासारख्या माणसाच्या कार्याने गोंडांच्या कलेस देशभर मान मिळाला हे निर्विवाद. त्याच वेळी सभा-समारंभात मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या स्वागतास घुसाडी उभे करण्याची प्रथाही सर्वत्र रूढ झाली. किनवट येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आता गावोगाव साजरा होतो. मोरपिसांचा टोप अशा मिरवणुकांतून आदिवासी अस्मितेचे चिन्ह म्हणून सहज ओळखला जातो.

याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे हा विधीचा बाजार आहे: ऑगस्टात टोप चढविणे म्हणजेच मूळ मर्यादा मोडणे. दुसऱ्या मताप्रमाणे ज्या समाजाची भाषा शाळेत शिकविली जात नाही, ज्याच्या मुलांना वसतिगृहात आपले आडनाव सांगतानाही संकोच वाटे, त्या समाजाला हा टोप उघडपणे, दिवसाढवळ्या, तालुक्याच्या रस्त्यावर मिरविता येणे हीच मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. निदान पहिले मत मांडण्याचा अधिकार गोंडेतर अभ्यासकास फारसा नाही. परंतु या वादात एक गोष्ट नजरेआड होते. व्यासपीठावर टोप येतो, कातडे येते, दंड येतो. दहा मिनिटांच्या कार्यक्रमासाठी अस्नानाचे व्रत येत नाही, आणि यजमान गाव तर मुळीच येत नाही. टाळ्या वाजविणाऱ्या श्रोत्यांची दंडारी पुढे कोणाच्याही दारी परतभेटीस जावयाची नसते. वेषाचे जतन झाले आणि देवघेव सुटली, असा प्रसंग येथे उद्‌भवतो. डिस्ने उद्यानातील पाहुण्यास रूपाचा इशाराच तेवढा मिळतो. व्यासपीठावरील घुसाडीकडे रूप संपूर्ण असते आणि इशारा असतो तो संबंधाचा.

खुद्द गावांतील अडचणी याहून साध्या आणि कठीण आहेत. मोरपिसे हवी तशी मिळत नाहीत. मोर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील पक्षी. त्याची आपोआप गळालेली पिसे बाळगण्यास मुभा आहे, मारून काढलेली पिसे हा गुन्हा आहे, आणि पीस गळालेले की उपटलेले हे सिद्ध करण्याची पाळी जंगलकाठच्या माणसावर कधीही येऊ शकते. म्हणून जुने टोप डागडुजी करून वर्षानुवर्षे वापरले जातात. सोयाबीन आणि कापूस यांची काढणी, मजुरीसाठी होणारे स्थलांतर व नोकरीची रजा यांमुळे पंधरवड्याची दंडारी काही ठिकाणी थोड्या दिवसांवर येते. वीस-तीस पाहुण्यांना जेवू घालणे हे लहान वस्तीस परवडेनासे होते, आणि परतभेट चुकली की संबंध सैल होतो. कोलामांची गणना महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी समूहांत होते. त्यांच्या वस्त्यांना हा खर्च अधिकच जाणवतो. शासनाच्या सांस्कृतिक साहाय्याची रक्कम पथकास वेषभूषा व वाद्ये यांसाठी मिळू शकते. यजमान गावाच्या चुलीवरच्या भातासाठी रक्कम देण्याची कल्पना मात्र योजनाकारांना सुचण्याजोगी नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो कार्यक्रमच नव्हे.

संशोधनाच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक अडचण नमूद करावीशी वाटते. दंडारीचा काळ आणि विद्यापीठाची दिवाळीची सुट्टी एकच. त्यामुळे मराठवाड्यातील पदव्युत्तर विद्यार्थी नेमका तेव्हा आपल्या घरी असतो आणि क्षेत्रकार्यासाठी किनवटला पोचतो तो कार्तिक उलटल्यावर, जेव्हा त्याच्या वाट्याला टोपाचे वर्णन आणि आठवणी तेवढ्या येतात. प्रबंधांतून वेषभूषेची प्रकरणे लांबलचक आणि भेटींची प्रकरणे त्रोटक का असतात, याचे हे एक साधे कारण असावे. एखाद्या विद्यार्थ्याने पाच-सहा वस्त्या निवडून, सलग तीन-चार दिवाळ्या, कोणत्या गावाची दंडारी कोणत्या गावी गेली, किती दिवस राहिली, कोणी जेवू घातले आणि परतभेट झाली की नाही, एवढीच नोंद पैनगंगेपासून आदिलाबादच्या सीमेपलीकडेपर्यंत केली, तर हैमेनडॉर्फच्या काळातील वर्णनाशी ती ताडून पाहता येईल. त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. मुदखेडहून आदिलाबादला जाणारा लोहमार्ग किनवटवरूनच जातो. आश्विनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तेथे उतरावे, आणि गोंडी बोलणारा सोबती असावा.